सदतीस अंशांचा गारवा

ऐन नवतप्यात, टळटळीत उन्हात, म्हाताऱ्या बाईच्या अंगावर लोकरीची शाल घालायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचा खरं तर वेगळा सत्कार व्हायला हवा होता. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस. विदर्भातली माणसं या दिवसांत आधी डोक्याला दुपट्टा गुंडाळतात आणि मगच पायात चपला घालतात. पण त्या दुपारी माणिकपेठच्या नालाटोलीत मांडव पडला होता, लाउडस्पीकर लागला होता आणि व्यासपीठावर कौसल्याबाई पिदूरकर शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या. वस्तीतल्या त्या सगळ्यांत जुन्या, म्हणून वस्तीच्या वतीने शाल त्यांना. आणि सत्कार कशाबद्दल? तर वस्ती गार झाली म्हणून!

"ते बघा," उपायुक्त खडतकरांनी मांडवामागच्या झगमगत्या फलकाकडे हात केला. "मागच्या नवतप्यात इथे सेहेचाळीस अंश होते. आज सदतीस! नऊ अंशांचा गारवा, तोही फुकट. वर टेकडीवर शीतांबर संकुल उभं राहिलं आणि खाली तुमचा उन्हाळा संपला. वाजवा टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तळवे इतके ओले होते की त्या धड वाजतही नव्हत्या.

मांडवाच्या खांबाशी यामिनी उभी होती. कौसल्याबाई तिच्या आत्या. आईवडील गेल्यावर तिला आणि धाकट्या सुमेधला आत्यानेच वाढवलं, शिकवलं. आता यामिनी पालिकेच्या उष्मा कक्षात होती. पारा त्रेचाळीसच्या वर गेला की तिने भोंगा वाजवायचा. मग बाहेरची कामं थांबायची, वस्तीत बर्फ यायचा, उष्माघाताच्या गाड्या निघायच्या. यंदा नालाटोलीसाठी भोंगा एकदाही वाजला नव्हता. आणि तरी वस्तीतून दोन तिरड्या निघाल्या होत्या. चिंधूजी टेंभुर्णे गेले, कागदावर कारण लिहिलं वार्धक्य. त्यांच्यामागून एक धडधाकट गवंडी गेला. त्याला वार्धक्य लावता येईना, म्हणून हृदयविकार लावला.

"काऊन वो पोरी," व्यासपीठावरून उतरताना आत्या यामिनीच्या खांद्याला धरून म्हणाली, "हे लोक म्हणतात गारवा आला. मंग मलेच काऊन असं उकडून राह्यलं? मीच येकटी पापी हाव का?"

"शाल काढ आधी ती."

"अशी कशी काढू? चार लोकं पाहून राह्यले. बरं दिसते का?"

घरापर्यंत तिने शाल काढली नाही. आत येऊन काढली, तेव्हा आतून ती पिळून काढण्यासारखी झाली होती.

शीतांबरची गोष्ट जगात गाजलेली होती. टेकडीच्या पोटात संगणकांचं एक अवाढव्य दालन होतं. साऱ्या देशाचे हिशेब, सिनेमे आणि गप्पा तिथे साठवलेल्या. असे संगणक भट्टीसारखे तापतात. ते निववण्यासाठी शीतपटल नावाचा नवा पदार्थ शोधला गेला होता. दिसायला फडक्यासारखा, पण त्याच्या धाग्याधाग्यांत इतकी सूक्ष्म छिद्रं, की बंद पडलेल्या कोळसाखाणीतलं साचलेलं पाणी त्यातून झिरपलं की बघता बघता वाफ होऊन जाई. पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता लागते, ती पाणी शेजारच्या वस्तूकडून ओढून घेतं. संगणक गार, वरचे राहत्या फ्लॅटचे बावीस मजले गार, आणि विजेचं बिल मूठभर. यात खोटं काहीच नव्हतं.

खोटं होतं ते पुढे. उष्णता कुठे नाहीशी होत नाही, ती वाफेत लपून बसते. शाळेच्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात. थर्मामीटरला ती दिसत नाही, म्हणून अप्रकट. पण ज्या बाईने भाताच्या पातेल्यावरचं झाकण चुकीच्या बाजूने उचललं आहे तिला ती चांगली ठाऊक असते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त, कारण हातावर वाफेचं पुन्हा पाणी होताना ती आपली लपवलेली सगळी उष्णता हातावर ओतते. शीतांबरची ही उष्णता लादलेली दमट हवा एका रुंद नळातून बाहेर पडे. तो नळ उतरत उतरत नाल्याच्या काठाने यायचा आणि तोंड उघडायचा ते नालाटोलीच्या डोक्यावर. एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर. मधल्या खोलगट वस्तीत ती हवा येऊन तुंबायची. सेहेचाळीसच्या कोरड्या हवेला हुसकावून ही सदतीसची ओली हवा बसली, तर पारा उतरणारच. त्यालाच गारवा म्हणायचं आणि वर शाल घालायची!

सत्काराच्या संध्याकाळी यामिनीने आत्याच्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि तोंडातच धरून ठेवलं. पाणी कोमट होतं.

"तिसरा माठ हाय हा," आत्या वैतागून म्हणाली. "कुंभारानं फसोलं मले. पाणीच निवत नाही. आन् ते लुगडं पाह्य, कालचं वाळू घातलं हाय, अजून ओलंच."

यामिनी माठाकडे बघतच राहिली. माठ गार होतो तो पाझरून. पाझरलेलं पाणी हवेत उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माणसाचं शरीरही तेवढ्यावरच चालतं. घाम सुटणं महत्त्वाचं नाही, घाम उडणं महत्त्वाचं. आणि हवाच जर वाफेने तुडुंब भरली असेल, तर माठ काय आणि माणूस काय, दोघांचंही पाणी नुसतं ओघळणार.

तिने देवापुढच्या डब्यातून एक लांब वात घेतली, पाण्यात भिजवली आणि थर्मामीटरच्या फुग्याला गुंडाळली. नेहमीच्या नवतप्यात असं केलं की पारा सेहेचाळीसवरून धाडकन चोविसाच्या आसपास येतो, कारण वातीतलं पाणी उडून फुगा गार पडतो. आत्ता पारा सदतीसवरून जेमतेम पस्तीसपर्यंत सरकला आणि तिथेच थांबला. माणसाची कातडीही साधारण पस्तिसाचीच असते. म्हणजे अंगातली उष्णता बाहेर जायला आता वाटच नव्हती. सावलीत बसलेला, पोटभर पाणी प्यायलेला, काहीही न करणारा माणूससुद्धा आतून तापत जाणार आणि काही तासांत मरणार.

चिंधूजी तर दिवसभर ओट्यावर नुसते बसूनच असत.

सुमेध शीतांबरमध्ये अभियंता होता आणि राहायलाही तिथेच, अकराव्या मजल्यावर. यामिनी पोहोचली तेव्हा तो पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून कॉफी पीत होता. नवतप्यात स्वेटर! तिने वातीचा प्रयोग सांगितला. तो ऐकत गेला तसतशी त्याची नजर कपात शिरत गेली.

"ताई, मुळात नकाशात उंच धुरांडी होती," तो शेवटी म्हणाला. "साठ मीटरची. मीच काढली होती. वाफ वरच्या वर गेली असती, कोणाला पत्ताही लागला नसता."

"मग?"

"विक्री विभाग म्हणाला, गच्चीवर धुरांडी दिसली तर फ्लॅट कोण घेईल? मग नळ नाल्याकडे वळवला."

"आणि तू सही केलीस."

"तापमान उतरलं ना पण! आकडा बघ तू, आकडा."

"मी आकडा बघू? तू आत्याला बघ! शेवटचा कधी गेला होतास?"

तो चष्मा पुसत म्हणाला, "खाली उतरलो की चष्म्यावर लगेच धुकं धरतं. काही दिसत नाही."

"गार काचेवर वाफेचं पाणी होतं, सुमेध. तुला तर हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. चष्मा पुसून घरी परत येतोस तू. त्या गवंड्याला तशी सोय नव्हती."

ती उठली. जाताना दारात म्हणाली, "ज्या बाईने अंगावरचं सोनं मोडून तुला इंजिनिअर केलं, तिच्याच अंगणात तू त्या नळाचं तोंड उघडलंस."

दुसऱ्या दिवशी तिने खडतकरांसमोर थर्मामीटर आणि भिजवलेली वात ठेवली. खडतकरही शीतांबरमध्येच राहत. सगळे मोठे साहेब तिथेच राहत. त्यांनी वातीकडे असं पाहिलं की जणू तिने टेबलावर मेलेली पाल ठेवली आहे.

"मॅडम, नियमात एकच आकडा आहे. त्रेचाळीस. तुमच्या वस्तीत किती? सदतीस. नियमात बसत नाही."

"साहेब, माणसं मरतायत."

"माणसं सगळीकडेच मरतात. पण तुमची तळमळ कळते मला. शीतांबरच्या मंडळींशी बोलतो."

बोलले. आणि चारच दिवसांत नालाटोलीत टेम्पो आले. टेम्पोतून उतरले नवेकोरे कूलर! घरटी एक, वर शीतांबरचं निळं चित्र.

यामिनीला वाटलं, भर रस्त्यात बसकण मारावी आणि ओरडावं. कूलर करतो काय? वाळ्याच्या ताटीवरून पाणी सोडतो, त्यातून हवा खेचतो, पाणी उडतं, हवा गार होते. उडायला जागाच नसेल तर तो नुसता ओली हवा ढवळणारा पंखा. पण विदर्भातल्या माणसाला हे सांगायचं कसं? इथे कूलर हे कुलदैवत आहे. होळी झाली की तो माळ्यावरून उतरतो, त्याला नवा वाळा भरतात, लग्न ठरवताना मुलाच्या घरी कूलर किती ते विचारतात. आणि पाहुणा आला की त्याला कूलरसमोर बसवतात, दारं-खिडक्या घट्ट लावतात, म्हणजे झळ आत येऊ नये. बाहेरच्या कोरड्या झळीत पिढ्यान् पिढ्या हेच शहाणपण होतं. आता हेच नरड्याला फास होतं. बंद खोलीत चार माणसांचा घाम, चुलीची वाफ आणि वर कूलरचं पाणी.

तिने रजा टाकली, हातात कर्णा घेतला आणि गल्लीगल्लीतून फिरू लागली. "दारं उघडा! खिडक्या उघडा! कूलरमधलं पाणी काढा, नुसता पंखा चालू ठेवा! जमेल त्याने बर्फ जवळ ठेवा!"

लोक दारात येऊन हसत. "बाई, ऊन त लागलं नाही ना तुले?" एकाने विचारलं. "नवतप्यात कूलर बंद कर म्हणते!" काहींनी खिडक्या उघडल्या, ती गल्ली ओलांडून गेली की पुन्हा लावल्या. तिला राग येत होता तो यांचा नव्हे. ज्यांना सगळं कळत होतं त्यांचा.

त्याच दुपारी सुमेध आत्याकडे जेवायला आला होता. बहिणीचे शब्द त्याला झोंबले असावेत. पण नळाचं तोंड बंद करण्यापेक्षा आमरस खायला येणं सोपं होतं. आत्याला तर आभाळ ठेंगणं झालं. तिने आंबे पिळले, चुलीवर शेवयांचं आधण ठेवलं, आणि पोरगं गारव्यातून आलंय, त्याला सोसणार नाही म्हणून दार लावलं, खिडकी लावली, नवा कूलर काठोकाठ भरला आणि त्याचं तोंड सुमेधकडे केलं.

"बस बापा, समोर बस. मी हाव इकडं चुलीपाशी, मले सवय हाय."

सुमेधचा चष्मा धुरकटला होता. त्याने तो काढून खिशात ठेवला आणि रस खाऊ लागला. त्याला श्वास जड वाटत होता, कपाळावरून घाम ताटात पडत होता. पण कूलर चालू होता, फलकावर सदतीस होतं, आणि आत्या चुलीपाशी काहीबाही बोलत होती. मग ती असंबद्ध बोलू लागली. त्याला सुमेधऐवजी त्याच्या बापाच्या नावाने हाक मारू लागली. मग भांडं पडल्याचा आवाज आला.

यामिनी दोन गल्ल्या पलीकडे होती. सुमेधची हाक ऐकून ती धावत आली, तेव्हा आत्या चुलीशेजारी आडवी पडली होती, डोळे अर्धवट उघडे, अंग तव्यासारखं. सुमेध माठातलं पाणी तिच्यावर ओतत होता. पाणी अंगावरून ओघळत होतं आणि काहीच होत नव्हतं.

"पाणी नको! ते उडत नाही, सुमेध!" यामिनीने लाथेने दार उघडलं. "बर्फ आण! रसवंतीवाल्या देवाजींकडे लादी असेल!"

बर्फाला हवेची परवानगी लागत नाही. हवा कोरडी असो की ओली, वितळायचं म्हटलं की बर्फ जवळच्या वस्तूकडून उष्णता खेचणारच. देवाजी स्वतःच पोत्यात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन धावत आले. ती फोडली, पण तुकडे बांधायला हाताशी काही मिळेना. खुंटीवर सत्काराची शाल होती. यामिनीने ती ओढली, बर्फ तिच्यात भरला आणि आत्याच्या काखांना, मानेला, छातीला लावून धरला. ज्या शालीने उकडवलं तिच्यातूनच गार पाण्याची धार लागली.

एका हाताने शाल धरून दुसऱ्या हाताने तिने स्वतःच्याच कक्षाला फोन लावला. "उष्माघात आहे, नालाटोली, गाडी पाठवा."

पलीकडून तिच्याच सहकाऱ्याचा अवघडलेला आवाज आला. "मॅडम, तिथे आज सदतीस दाखवतंय. इशारा नसला तर गाडी सुटत नाही. तुम्हाला तर माहीतच आहे, नियमात बसत नाही."

सुमेधने ते ऐकलं. त्याने आत्याला उचललं आणि आपल्या गाडीत घातलं.

आत्या वाचली. रात्रभर सलाईनवर होती, सकाळी तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगं पुरतं जेवलं का नाही? रस तसाच राह्यला असंल." सुमेध भिंतीकडे तोंड करून रडला. मग चष्मा घातला आणि कोणाला काही न सांगता निघून गेला.

दुपारी त्याचा फोन आला. "ताई, नाल्याकडची झडप बंद करून तास झाला. नळ तुंबला की हवा संकुलाच्या मधल्या चौकात सुटते, तशीच रचना आहे. माझीच. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी गाड्यांत बसवून गावात पाठवली, मग हात लावला. मी झडपेच्या खोलीत आतून कडी लावून बसलोय. वरिष्ठ आलेत दाराशी, ओरडतायत. आता झडप उघडायची तर आधी धुरांडी बांधा म्हणालो."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. आत्या काय म्हणते?"

"आमरस मागतेय."

ती फोन ठेवून रुग्णालयाच्या खिडकीशी आली. बाहेर कोरडी, भाजून काढणारी, ओळखीची झळ वाहत होती. आणि तेवढ्यात दुरून, नालाटोलीच्या बाजूने, लांबलचक आवाज उठला. भोंगा! फलकावरचा आकडा त्रेचाळीसच्या पुढे सरकला होता. ओली हवा ओसरली होती, घाम उडू लागला होता, माठ पुन्हा गार पडू लागले होते, आणि आता कुठे, नियमाप्रमाणे, सगळ्या गाड्या आणि सगळा बर्फ नालाटोलीकडे धावत सुटला होता. इतके दिवस माणसं मरत होती तेव्हा हे सगळं कुठे होतं?

तिचा फोन पुन्हा वाजला. कक्षाकडून तिच्याकडे वळवलेला.

"मॅडम, मी खडतकर! शीतांबरमधून बोलतोय." आवाजाला धाप लागली होती. "कोणीतरी झडप बंद केलीय. चौकात सगळी वाफ भरलीय, लिफ्ट बंद पडल्यात, घाम वाळत नाहीये, जीव घाबरा होतोय. ताबडतोब इशारा जाहीर करा. गाड्या पाठवा!"

यामिनीने खाटेकडे पाहिलं. आत्या उशाला टेकून बसली होती. तिच्या पायाशी ती शाल वाळत घातली होती आणि ती वाळली होती.

"साहेब, जिन्याने खाली उतरा, फाटकाबाहेर या. हवा लागेल," ती म्हणाली. "पण गाड्या नालाटोलीत गेल्यात. तुमच्या भिंतीवरचा आकडा किती आहे?"

पलीकडून भिंतीकडे जाणारी पावलं ऐकू आली.

"छत्तीस," खडतकर म्हणाले.

"मग नियमात बसत नाही, साहेब," यामिनी म्हणाली. "कूलर पाठवू?"